दीपक रागाचा जमाखर्च

पांझरेच्या दक्षिण तीरावर धुळें आणि उत्तर तीरावर देवपूर. देवपुराहून उत्तरेस निघालें म्हणजे तापीकाठीं थाळनेर लागतें. खानदेशच्या फारुकी सुलतानांचें हें जुनें ठाणें; पुढें त्यांची गादी बऱ्हाणपुरास गेली. ह्याच घराण्यांतील बुऱ्हाणखानाच्या आश्रयास सोळाव्या शतकांत पुंडरीक विठ्ठल नांवाचा कर्नाटकी पंडित आला व त्यानें ‘सद्रागचंद्रोदय’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. त्यांत रागांची वांटणी एकोणीस मेलांत केलेली आहे. ग्रंथ शास्त्राचा आहे, चमत्काराचा नव्हे. परंतु चमत्काराच्या कथांचें मर्म उकलावयाचें तर ह्याच पंडिताची वाट धरावी लागते.

तानसेनाच्या दीपक रागाची कथा कोणास ठाऊक नाहीं? १९४३ सालच्या ‘तानसेन’ बोलपटानें ती घरोघर पोंचविली. मत्सरी दरबाऱ्यांच्या भरीस पडून बादशहा दीपक गावयास सांगतो; स्वर चढतो तसे दिवे आपोआप पेटतात, आणि त्याच आगीनें गवयाचें अंग होरपळूं लागतें. शेवटीं वडनगरच्या ताना आणि रीरी ह्या भगिनी मल्हार गाऊन तो दाह शमवितात. ही इतिहासांतील घटना नव्हे, आख्यायिका आहे. तरीही ती टिकली, ती दिव्यांमुळें नव्हे. दिवा लावावयास काडी पुरते. कथेचा जीव आहे तो गवयानें द्यावयाच्या मोलांत. फुकट घडणाऱ्या चमत्कारास दुसऱ्या दिवशीं कोणी विचारीत नाहीं. वेळ, अधिकार आणि मोल हीं तीन बंधनें असतील तरच स्वराची जादू खरी वाटते. अद्भुत कथा रचणारानें हें विसरूं नये.

हीं बंधनें कथाकारांनीं हवेंतून काढलेलीं नाहींत. तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं शार्ङ्गदेव होता. त्याचा हुद्दा हिशेबखात्याचा; त्याचा ग्रंथ ‘संगीतरत्नाकर’. त्यांत २६४ राग सांगितले आहेत, आणि अनेक रागांस देवता, ऋतु, प्रहर व रस नेमून दिले आहेत. त्याच सिंघणाच्या ज्योतिष्यानें, म्हणजे भास्कराचार्यांच्या नातवानें, चाळीसगांवाजवळ पाटण येथें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला. ग्रहांचें गणित जपणारा तो काळ रागांचेंही गणित मांडीत होता. हिशेबनिसाच्या हातून रागांची खतावणी व्हावी, ह्यांत नवल तें काय?

पुंडरीक त्यापुढें गेला. खानदेश सोडून तो उत्तरेस कछवाहा राजांकडे आला, आणि १५७६ सालीं त्याची ‘रागमाला’ तयार झाली. तिच्यांत सहा पुरुषराग, प्रत्येकास पांच भार्या व पांच पुत्र, असें सहासष्टांचें कुटुंब आहे. प्रत्येकास रूप आहे, वेष आहे, वेळ आहे. पुढें अकबराच्या प्रीत्यर्थ त्यानें ‘नर्तननिर्णय’ लिहिला. ज्या दरबाराभोंवतीं दीपकाची दंतकथा विणली गेली, त्याच दरबारासाठीं हा शास्त्री लेखणी चालवीत होता. राग ही मूर्तिमंत व्यक्ति मानली, कीं ती प्रसन्न होते, रुसते, कोपते. दंतकथेस लागणारी सारी सामग्री येथें शास्त्रकारानेंच सिद्ध करून ठेविली.

मात्र ह्या वैभवाची दुसरीही बाजू आहे. विद्या चमत्कार ठरली, कीं ती शिकविण्याची सोय उरत नाहीं. सामर्थ्य एखाद्या सिद्धपुरुषाचें मानलें जातें; आपणांस तें साधणार नाहीं म्हणून शिष्य हात जोडून बसतो, आणि गुरूबरोबर विद्याही जाते. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) ह्यांना हीच हानि बोंचत होती. ते वकील, पुराव्यावांचून बोलणें त्यांस मानवत नसे. त्यांनीं देशभर फिरून पोथ्या मिळविल्या, उस्तादांकडून चिजा घेऊन त्या स्वरलिपींत उतरविल्या आणि रागांची व्यवस्था दहा थाटांत लाविली. चमत्काराच्या कथांना त्यांनीं प्रमाण मानलें नाहीं. पण पुंडरीकाच्या ग्रंथांचा त्यांनीं आदरानें उपयोग केला. रागांच्या वेळाही त्यांनीं टाकल्या नाहींत. उलट स्वरांच्या आधारें त्यांची संगति लाविली. आग वगळली, नेम राखला.

अकबरानें १६०१ सालीं आशीरगड घेतला आणि फारुकींचें राज्य संपलें. थाळनेरास त्यांच्या कबरी उभ्या आहेत. त्यांच्यापैकीं एकाच्या आश्रयानें लिहिलेला संगीताचा ग्रंथ मात्र आजही अभ्यासिला जातो. दीपकानें दिवा पेटला कीं नाहीं, ह्या वादाचा निकाल कधींच लागावयाचा नाहीं. भल्या पहांटे तंबोरा जुळवून कोणी मुलगी भैरवाचा कोमल ऋषभ पुन्हा पुन्हा घोटते, तेव्हां वेळ, अधिकार आणि मोल हीं तिन्ही बंधनें ती मुकाट्यानें पाळीत असते. दिवा तिनें काडीनेंच लाविलेला असतो. पण त्या स्वरानें शेजारच्या घरांतील मनुष्य हातचें काम थांबवितो, एवढें मात्र कोणासही पडताळून पाहतां येईल.