तारेच्या टोकापासून तक्त्यातील ओळीपर्यंत

वर्गात मुलांचे बाक बदलले तरी त्यांचे हजेरी क्रमांक बदलत नाहीत. क्रमांक वेगळा आणि बसण्याची जागा वेगळी, हे पहिलीतल्या मुलालाही कळते. दूरध्वनी केंद्रातील यंत्रांना मात्र हा साधा भेद पूर्णपणे आत्मसात करायला सुमारे सत्तर वर्षे लागली. आज ज्याला ‘लॉजिकल पोर्ट’ म्हणतात, त्या कल्पनेचे मूळ या भेदात आहे.

पोर्ट म्हणजे संभाषण केंद्रात शिरण्याचे किंवा बाहेर पडण्याचे दार. अमेरिकेतील कॅन्सस सिटीचे अल्मन स्ट्रोजर यांचा व्यवसाय अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा. त्यांना १८९१ मध्ये स्वयंचलित दूरध्वनी केंद्राचे पेटंट मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट या गावी असे पहिले सार्वजनिक केंद्र सुरू झाले. योगायोग असा, की या फ्रेंच नावाचा अर्थही ‘दार’ असाच आहे.

या पद्धतीच्या पुढे रूढ झालेल्या यंत्रात ४७ हा क्रमांक फिरवला, की पहिल्या चार स्पंदांनी एक दांडी चार पायऱ्या वर चढे आणि पुढच्या सात स्पंदांनी सात घरे आडवी फिरे. तेथे ज्याची तार जोडलेली असेल, तो ग्राहक ४७. क्रमांक म्हणजे यंत्रातील जागेचा पत्ताच. एकाच यंत्रगटावर फार बोलणारे ग्राहक जमले आणि त्यांपैकी कुणाला दुसऱ्या गटावर हलवायचे झाले, तर त्याचा क्रमांकच बदलावा लागे. नंतरच्या क्रॉसबार केंद्रांत क्रमांक आणि जागा यांचा संबंध बदलता येऊ लागला. पण तोही जोडतारा हलवून.

३० मे १९६५ रोजी न्यू जर्सीतील सक्कासुना येथे बेल कंपनीचे इलेक्ट्रॉनिक केंद्र सुरू झाले. ते स्मृतीत साठवलेल्या प्रोग्रॅमवर चाले. कोणता क्रमांक कोणत्या तारेचा, हेही आता स्मृतीतील तक्त्यात होते. ही स्मृती अॅल्युमिनियमच्या पत्र्यांवरील चिमुकल्या चुंबकांची होती. चुंबकांची अवस्था बदलली की तक्ता बदले. तारेला हात लावावा लागत नसे.

दुसरा धागा आवाजाचा. १९३७ मध्ये पॅरिसच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अॅलेक रीव्ह्ज या ब्रिटिश अभियंत्याला आवाज आकड्यांत बदलून पाठवण्याची कल्पना सुचली. आजच्या प्रमाणानुसार आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहितात. दोन नमुन्यांमध्ये १२५ मायक्रोसेकंदांचे अंतर राहते. या फटीत दुसऱ्यांचे नमुने का पाठवू नयेत? अमेरिकेत १९६२ पासून एका जोडणीवर २४ संभाषणे जाऊ लागली. युरोपात आणि भारतात ३२ कालघरांची पद्धत रूढ झाली. ३२ गुणिले ६४,००० म्हणजे सेकंदाला २०,४८,००० बिट. शून्य क्रमांकाचे घर ताल जुळवण्यासाठी, सोळावे सामान्यतः संकेतांसाठी आणि उरलेली ३० बोलण्यासाठी. कार्डावर खोबण एकच. पण दारे तीस, आणि त्यांतल्या एकालाही बोट लावता येत नाही. हीच लॉजिकल पोर्टे. १९७० मध्ये फ्रान्समधील पेरो-गिरेक येथे अशा कालघरांची अदलाबदल करून संभाषणे जोडणारे सार्वजनिक केंद्र सुरू झाले आणि दोन्ही धागे एकत्र आले.

आपल्याकडे १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिने खेड्यांसाठी, वातानुकूलनाशिवाय चालणारे १२८ पोर्टांचे केंद्र तयार केले. त्यातील पहिले १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे बसले. एका कार्डावर आठ परिपथ, अशी सोळा कार्डे, म्हणून १२८. पण कार्ड खाचेत बसवले की काम झाले, असे येथेही नव्हते. या खाचेत कोणत्या जातीचे कार्ड आहे, त्याचा कोणता परिपथ कुणाचा, त्याला क्रमांक कोणता, हे सारे केंद्राला सांगावे लागे. तोवर कार्ड म्हणजे नुसती निर्जीव पाटी.

या सोयीची किंमतही आहे. तुटलेली तार शोधता येते. तक्त्यातील चुकीची ओळ डोळ्यांना दिसत नाही. एका टोकाला सोळावे घर संकेतांचे मानले आणि दुसऱ्या टोकाला बोलण्याचे, तर तार अखंड असते, कार्ड धडधाकट असते आणि तरीही एकही संभाषण जुळत नाही.

प्रोग्रॅममधील चूक तर याहून मोठी हानी करते. १५ जानेवारी १९९० रोजी एटी अँड टी कंपनीच्या अमेरिकाभर पसरलेल्या जाळ्यात न्यूयॉर्कचे एक केंद्र क्षणभर बंद पडून सावरले. त्याच्या संदेशांनी शेजारची केंद्रे अडखळली, त्यांनी पुढची अडखळवली. सर्व ११४ केंद्रांत तोच प्रोग्रॅम आणि त्यात चुकीच्या जागी पडलेली तीच एक सूचना होती. सुमारे नऊ तास जवळपास निम्मी संभाषणे जुळली नाहीत. कुठेही तार तुटली नव्हती.

पुढे इंटरनेट पद्धतीच्या जाळ्यांत कालघरे मागे पडली. पण एका खऱ्या पोर्टवर अनेक लॉजिकल पोर्टे नोंदवण्याची रीत टिकून आहे. वर्गात हे सहज दाखवता येईल. मुलांना हजेरी क्रमांकाने चिठ्ठ्या पाठवू द्या. मधला पोस्टमन बाक आणि क्रमांक यांचा तक्ता पाहून त्या पोचवील. मग गुपचूप तक्त्यातील दोन ओळींची अदलाबदल करा. मुले जागच्या जागी, बाक जागच्या जागी आणि चिठ्ठ्या मात्र भलत्याच हातात! चूक कुठे आहे, हे मुलांनाच शोधू द्या.