काठमांडूची सहल आणि शके ३८६

'पुढच्या सुट्टीत नेपाळ' हे आमच्या घरचे जुने पालुपद. मस्कतला आल्यापासून दरवर्षी सुट्टी पुण्यातच संपते. एकदा मात्र आई-बाबांसकट तिकिटे काढली होती, मे २०१५ ची. २५ एप्रिलला भूकंप झाला आणि बेत बारगळला. मग करोना आला. २०२२ साली बाबा गेले. यंदा नोव्हेंबरसाठी पुन्हा विषय काढला तेव्हा आई फोनवर म्हणाली, "तुम्ही जाऊन या रे. मी आता कुठे येऊ?"

मुलांना हवे आहे एव्हरेस्टभोवतीचे विमान आणि पोखऱ्याचे तळे. मला ओढ काठमांडूच्या खोऱ्याची. १४८२ साली यक्ष मल्ल वारला आणि वारसांत राज्य वाटले गेले. काठमांडू, पाटण आणि भक्तपूर, अशा हाकेच्या अंतरावर तीन राजधान्या! शेजाऱ्यापेक्षा आपला चौक देखणा हवा, या ईर्ष्येपायी देवळांवर देवळे उभी राहिली. भाऊबंदकीतून इतके सुंदर काही निघाल्याचे दुसरे उदाहरण निदान मला तरी माहीत नाही. १७६८-६९ मध्ये गोरख्यांच्या पृथ्वीनारायण शहाने तिन्ही जिंकून ती चढाओढ संपवली.

माझ्या ऑफिसातला नेपाळी सहकारी भक्तपूरचा. तिथले १७०२ चे पाचमजली न्यातपोल देऊळ १९३४ आणि २०१५ अशा दोन्ही भूकंपांत उभे राहिले, हे तो असे सांगतो की जणू याच्या आजोबांनीच बांधले! काठमांडूतला काष्ठमंडप मात्र २०१५ साली पार कोसळला. तो बाराव्या शतकातला मानत. पडल्यावर पुरातत्त्ववाल्यांनी खणले तेव्हा पाया थेट सातव्या शतकापर्यंत मागे गेला. शिवाय कळले ते असे, की पाया भक्कमच होता. विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत मुख्य चार खांबांपैकी एक त्याच्या बैठकीच्या दगडात नीट बसवलाच नव्हता. आता तो जुन्या पद्धतीनेच पुन्हा उभा राहिला आहे.

मराठी माणसाचा धागाही या शहरात आहे. १८५७ चा उठाव मोडल्यावर नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत शिरले. त्यांचे पुढे काय झाले यावर वाद आहेत, पण त्यांच्या घरातल्या बायकांना जंगबहादुर राणाने काठमांडूत आसरा दिला. अवधची बेगम हजरत महल तर १८७९ मध्ये तिथेच वारली. जंगबहादुराने स्वतः इंग्रजांच्या मदतीला फौज नेली होती, तरी हा आसरा दिलाच.

पण आईला मी सांगितले ते चांगूनारायणाचे. भक्तपूरच्या उत्तरेला टेकडीवर हे विष्णूचे देऊळ आहे. समोरच्या स्तंभावर मानदेव राजाचा संस्कृत लेख आहे, संवत् ३८६ चा. अभ्यासक तो शक धरतात, म्हणजे आपल्या पंचांगातलाच. इसवी सन ४६४. नेपाळच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. लेखात लढाया आहेतच, पण सुरुवात घरातल्या दुःखाने होते. राजा धर्मदेव अचानक वारला आणि राणी राज्यवती सती जायला निघाली. मुलगा मानदेव तिच्या पायाशी रडला, तुझ्याविना मी जगणार नाही म्हणाला, आणि ती थांबली. विजय कोरायच्या दगडावर एका राजाने स्वतःचे रडणे कोरून ठेवले आहे!

हे मी आईला सहज सांगायला गेलो, आणि मधेच माझाच आवाज बसला. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "राहिली ना ती? बरं झालं."

पशुपतिनाथाचा विषय तिनेच काढला. तिथले मुख्य पुजारी कर्नाटकातून येणारे भट्ट असतात, हे ऐकून तिला फार नवल वाटले. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, हेही सांगून टाकले.

मुलांच्या विमानासाठी एक सकाळ राखली आहे. पोखरा दोन दिवस, बाकी सगळे खोरे. काल आईचा फोन आला, चक्क रात्री दहानंतर.

"त्या चांगूला पायऱ्या किती आहेत रे?"

सहकाऱ्याला विचारले. बस थांबते तिथून गावातून दगडी चढण आहे, पण मधे बसायला ओटे आहेत म्हणाला. आईला तसे कळवले.

"मग सावकाश चढू," ती म्हणाली. "गुडघ्याचा पट्टा तेवढा आठवणीने घ्यायला सांग मला."