३०२ चा अर्थ कोणी बदलला?

समजा, आपण एका कचेरीत अर्ज घेऊन गेलो आणि कारकुनाने सांगितले, "पलीकडच्या खिडकीवर जा." आता अर्ज तिकडे नेऊन द्यायचा, की तो इथेच सोपवून तिकडे फक्त पावती घ्यायची? वेबच्या इतिहासात नेमका हाच घोटाळा ३०२ या क्रमांकाने करून ठेवला.

ब्राउझरने काही मागितले की सर्व्हर उत्तराच्या सुरुवातीलाच तीन अंकी क्रमांक पाठवतो. ही रीत वेबहून जुनी आहे. फाइली पाठवण्याच्या एफटीपी पद्धतीत ती १९७० च्या दशकापासून होती. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली मांडलेल्या एचटीटीपीच्या पहिल्या रूपात मात्र असा क्रमांक नव्हता. चूक झाली तर तसे सांगणारा मजकूर नेहमीच्या पानासारखाच येई. माणसाला तो वाचता येई, यंत्राला फरक कळत नसे. मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १.० आवृत्तीत क्रमांकांची यादी आहे. त्यातला पहिला अंक उत्तराचा वर्ग सांगतो. ३ ने सुरू होणारे क्रमांक म्हणजे 'दुसरीकडे जा'. ३०१ म्हणजे पत्ता कायमचा बदलला, ३०२ म्हणजे तात्पुरता.

इथवर सरळ आहे. पण मागणीचेही प्रकार असतात. 'गेट' म्हणजे पान वाचायला मागणे, 'पोस्ट' म्हणजे भरलेला फॉर्म देणे. पोस्टला ३०२ असे उत्तर आले तर? नियम असा होता, की वापरणाऱ्याला विचारावे आणि फॉर्म आहे तसा नव्या पत्त्यावर द्यावा. अनेक ब्राउझर मात्र न विचारता पोस्टचे गेट करू लागले. ही चूक आहे, असे खुद्द १९९६ च्या दस्तऐवजातच नोंदवले आहे! पण फॉर्म घेऊन झाल्यावर 'धन्यवाद'चे पान दाखवायला ती सोयीची होती, आणि संकेतस्थळे तिच्यावर विसंबू लागली. फॉर्म पैसे भरण्याचा असेल तर हा फरक किरकोळ नाही. एका अर्थाने रक्कम दोनदा जाण्याचा धोका, दुसऱ्याने फॉर्ममधली माहिती वाटेतच गळण्याचा.

रुळलेला व्यवहार मोडणे शक्य नव्हते. म्हणून दोन्ही अर्थांना वेगळे क्रमांक दिले गेले. जानेवारी १९९७ च्या १.१ आवृत्तीत ३०३ आला: फॉर्म पोचला, उत्तर तिकडे वाचा. जून १९९९ च्या सुधारणेत ३०७ आला: फॉर्म जसाच्या तसा तिकडे द्या. ३०१ लाही हीच खोड होती, पण त्याच्या जोडीचा ३०८ यायला २०१४ साल उजाडले. त्याच वर्षी मूळ नियमानेही माघार घेतली. ३०१ किंवा ३०२ आल्यावर पोस्टचे गेट केले तरी चालेल, असे त्यात 'ऐतिहासिक कारणास्तव' लिहिले गेले.

३०२ आणि ३०७ यांच्या व्याख्या शेजारी ठेवल्या तर दोन्ही 'तात्पुरते स्थलांतर' सांगतात, आणि विद्यार्थी गोंधळतात. त्यांना आधी वरची साले सांगावीत, असे आम्हाला वाटते. नवे संकेतस्थळ बांधणाऱ्याने फॉर्म स्वीकारल्यावर ३०३ पाठवावा. सवयीने ३०२ पाठवला, तरी ब्राउझर अजूनही गेटच करतात.