काट्याने काटा काढणारा फिल्टर

फोटोशॉपच्या फिल्टर मेनूत, शार्पन या गटात, ‘अनशार्प मास्क’ नावाचा एक फिल्टर आहे. नवशिका त्याला हमखास बगल देतो. फोटो धारदार करायला निघालोय आणि हा म्हणतो ‘अनशार्प’! नाव ठेवणाऱ्याची मात्र काही चूक नाही. हे नाव संगणकाच्या कितीतरी आधीचं, डार्करूममधलं आहे.

१९३०च्या दशकात जर्मनीत ही युक्ती वापरात आली. निगेटिव्हवरून एक पॉझिटिव्ह प्रत काढायची, पण दोन्ही फिल्म एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत. मध्ये पातळ काच सरकवायची. त्या फटीमुळे प्रत धूसर येते. ती मुद्दाम फिकीही ठेवायची. हाच तो अनशार्प मास्क. मग तो मूळ निगेटिव्हवर नेमका जुळवून बसवायचा आणि त्या जोडीतून प्रिंट काढायचा. निगेटिव्ह जिथे गडद, तिथे पॉझिटिव्ह उजळ, त्यामुळे मोठमोठे भाग एकमेकांना बरेचसे खोडून टाकतात. पदराचे काठ, पापण्यांचे केस असला बारीक ऐवज धूसर प्रतीत उतरलेलाच नसतो, मग त्याला खोडणार कोण? तो तसाच राहतो. हार्ड ग्रेडच्या पेपरवर छापलं की तोच उठून येतो. जुळवताना केसभर सरकलं तर मात्र सगळं मुसळ केरात.

गंमत कडांची आहे. धूसर प्रत कडेच्या अलीकडे-पलीकडे थोडी सांडलेली असते. त्यामुळे प्रिंटमध्ये कडेलगतची गडद बाजू आणखी गडद होते, उजळ बाजू आणखी उजळते. फोटोत नवा तपशील कणभरही आलेला नसतो. फसतो तो डोळा. तो तरी काय करणार, कडा ठळक करून पाहण्याची खोड त्याला जन्मतःच. एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्येच ती नोंदवली होती.

खगोलशास्त्रज्ञांनीही ही युक्ती उचलली. ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅलिन यांनी १९७०च्या दशकात दुर्बिणीच्या काचपट्ट्यांवर ती चालवली आणि तेजोमेघांच्या झगमगाटात बुडालेले बारकावे वर काढले. छपाईच्या धंद्यात ड्रम स्कॅनर आले, तेव्हा धूसर प्रतीचं काम स्कॅनरमधल्या एका मोठ्या छिद्राकडे गेलं: बारीक छिद्रातून नेमकं वाचन, मोठ्यातून सरासरी, आणि दोन्हींतला फरक मूळ वाचनात मिसळायचा. काच गेली, फिल्म गेली, वजाबाकी उरली.

फोटोशॉपमध्येही तीच वजाबाकी आहे. ते लिहिणारे थॉमस आणि जॉन नोल हे भाऊ डार्करूमला परके नव्हते. अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बरच्या त्यांच्या घरात, तळघरात, वडिलांची डार्करूम होती. थॉमसने १९८७ मध्ये सुरू केलेला प्रोग्राम अडोबीने १९९० मध्ये बाजारात आणला. अनशार्प मास्कच्या चौकटीतल्या तीन पट्ट्यांपैकी दोन म्हणजे डार्करूमचीच मापं: रेडियस म्हणजे प्रत किती धूसर, अमाउंट म्हणजे फरक किती पट मिसळायचा. थ्रेशोल्ड ही तिसरी सोय मात्र नंतरची. ठरावीक मर्यादेखालचा फरक ती सोडून देते, म्हणून कातडीवरची छिद्रं उगाच डोकं वर काढत नाहीत.

भाचीच्या लग्नाचा अल्बम बघायला फोटोग्राफर पोराशेजारी बसलो होतो. पडद्यावर तिची नथ, आणि प्रत्येक मोत्याभोवती पांढरं कडं, जणू माळेतले दिवेच लावलेत.

‘‘हे काय रे?’’

‘‘शार्प केलंय काका. छापताना शाई पसरते ना, मग जरा जास्तच ठेवावं लागतं.’’

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण रेडियस आठवर होता. तो एकावर आणायला सांगितला. कडी विरघळली आणि मोती पुन्हा मोती झाले. ‘‘आता फिकं वाटतंय,’’ असं पुटपुटत त्याने अमाउंट हळूच थोडा वाढवला. मी पाहिलं, पण बोललो नाही.