सेफॅलेक्सिनचं कूळ: कॅलियारीचं गटार

गळू पिकलं, जखम चिघळली, घसा धरला की डॉक्टर पुष्कळदा सेफॅलेक्सिन लिहून देतात. पाचशे मिलिग्रॅमची ही कॅप्सूल आपण पाण्याबरोबर गिळतो. तिचं मूळ समुद्रात सोडलेल्या मैलापाण्यात आहे.

सार्डिनिया बेटावरच्या कॅलियारी शहरात जुझेप्पे ब्रोत्झू हे विद्यापीठात आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. शहरात टायफॉईड नेहमीचाच. तरीही गटार जिथे समुद्राला मिळतं तिथलं पाणी काही काळाने आपोआप निवळतं, हे त्यांच्या लक्षात आलं. तिथले रोगजंतू मारणारं कुणीतरी त्याच पाण्यात राहत असावं, असा त्यांनी तर्क केला. १९४५ मध्ये त्यांनी तिथलं पाणी प्रयोगशाळेत आणलं आणि त्यातून एक बुरशी वेगळी काढली: सेफॅलोस्पोरियम अक्रेमोनियम. बशीत तिच्या आसपास टायफॉईडचे जंतू वाढेनात. तिचा कच्चा अर्क त्यांनी रुग्णांनाही देऊन पाहिला. युद्धाने पिळून निघालेल्या त्या बेटावर पुढच्या कामाला साधनं नव्हती. १९४८ मध्ये त्यांनी स्थानिक संस्थेच्या पत्रिकेत निबंध छापला आणि ओळखीच्या एका ब्रिटिश आरोग्य अधिकाऱ्यामार्फत बुरशीचा नमुना ऑक्सफर्डला, पेनिसिलिनचे संशोधक फ्लोरी यांच्या प्रयोगशाळेकडे धाडला. स्वतःचा शोध असा दुसऱ्याच्या हाती विश्वासाने सोपवायला मोठं मन लागतं.

ऑक्सफर्डला एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांनी बुरशीच्या रसाची चिकाटीने चाळणी केली. टायफॉईडच्या जंतूंना मारणारा त्यातला घटक पेनिसिलिनचाच एक भाऊ निघाला. तो शुद्ध करता करता १९५३ मध्ये त्याच्यासोबत आलेला आणखी एक पदार्थ हाती लागला: सेफॅलोस्पोरिन सी. त्याची ताकद अगदी बेताची, एखाद्याने तो बाजूला ठेवला असता. पण त्या काळात इस्पितळांतले स्टॅफिलोकोकस जंतू एक विकर सोडून पेनिसिलिन फोडून टाकायला शिकले होते, आणि त्या विकराला हा पदार्थ दाद देत नव्हता. इथेच पुढच्या साऱ्या घराण्याचा पाया पडला.

मग काम राहिलं ते ताकद वाढवण्याचं. अमेरिकेत एली लिली कंपनीच्या रसायनज्ञांनी रेणूचा गाभा कायम ठेवून त्याची बाजूची साखळी तोडण्याची रीत शोधली आणि नव्या साखळ्या जोडायला सुरुवात केली. १९६४ मध्ये यातलं पहिलं औषध आलं, पण ते इंजेक्शनच होतं. सेफॅलेक्सिनला जोडलेली साखळी अँपिसिलिनमध्येही आहे. तिच्यामुळे रेणू जठराच्या आम्लात टिकतो आणि आतड्यातून रक्तात चांगला शोषला जातो. सुईशिवाय, घरी बसून घेता येईल असं सेफॅलोस्पोरिन असं घडलं. अब्राहम यांनी पेटंटमधून आलेल्या पैशाचा फार मोठा भाग वैद्यकीय संशोधनासाठी न्यास स्थापून देऊन टाकला.

सेफॅलेक्सिन स्वतः टायफॉईडवर देत नाहीत. त्यासाठी याच कुळातली पुढच्या पिढीची औषधं वापरतात: तोंडाने सेफिक्झाइम, शिरेतून सेफ्ट्रिॲक्झोन. ज्या आजारापासून ब्रोत्झूंचा शोध सुरू झाला, त्याच्याशी हे घराणं असं पुन्हा जोडलं गेलं. पण २०१६ पासून सिंधमधल्या हैदराबादेत सेफ्ट्रिॲक्झोनलाही न जुमानणाऱ्या टायफॉईडची साथ पसरली, आणि तिथल्या रुग्णांसाठी तोंडाने घेण्याजोगं जवळजवळ एकच औषध उरलं, ॲझिथ्रोमायसिन.

औषधं अशी निकामी होत जाऊ नयेत, म्हणून वाचकांना कळकळीने सांगणं आहे: सर्दी-पडशासारख्या विषाणूच्या दुखण्यावर सेफॅलेक्सिन चालत नाही, त्यासाठी ते मागू नका. मेडिकलमधून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते आणू नका, आणि मागच्या वेळच्या उरलेल्या कॅप्सूल घरात कुणालाही देऊ नका.