कोपर्निकस मार्गावरचा प्रश्न

दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटकडे एक रुंद, झाडांच्या सावलीचा रस्ता जातो. इंग्रजांच्या काळी तो लिटन रोड होता. आता कोपर्निकस मार्ग. जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर असल्यामुळे आम्हा दिल्लीकर मराठी माणसांच्या तो पायाखालचा आहे. १९८० नंतरच्या वर्षांत मी दिल्ली विद्यापीठात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. ऑनर्स करत होतो. गावाकडचे कोणी सदनात उतरले की वडिलांबरोबर मीही भेटायला जायचो.

तिसऱ्या वर्षाला असताना, अशाच एका संध्याकाळी परतताना अण्णांनी रस्त्याच्या पाटीकडे पाहून विचारले, "हा पृथ्वी फिरते म्हणणारा ना? आणि तू सध्या काय शिकतोयस?"

"स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स, अण्णा."

"म्हणजे काय?"

मी एन्ट्रॉपी, मायक्रोस्टेट, पार्टिशन फंक्शन असे शब्द एकापुढे एक मांडले आणि मधल्या जागी मराठी क्रियापदे घातली. अण्णा इंडिया गेटपर्यंत निमूट ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुला तरी कळलंय का हे?"

मला राग आला. त्या विषयात मला वर्गात सर्वांत जास्त गुण होते. पण उत्तर सुचले नाही. पुढे विज्ञानाचा इतिहास वाचू लागलो तो बराचसा या एका प्रश्नामुळे.

ज्याच्या नावाच्या रस्त्यावर तो प्रश्न पडला, त्याच्यापासूनच सुरुवात करू. कोपर्निकस १४९१ मध्ये क्राकोच्या विद्यापीठात दाखल झाला. नंतर इटलीत त्याने कायदा आणि वैद्यक यांचे शिक्षण घेतले. १५०३ मध्ये मिळालेली पदवी धर्मकायद्याची होती. त्याचा ग्रंथ १५४३ मध्ये निघाला, तोही ऱ्हेटिकस नावाचा तरुण प्राध्यापक शिष्य होऊन दारात आला आणि मागे लागला म्हणून. ग्रंथ लॅटिनमध्ये होता आणि गणिताने भरलेला होता. तो जाणकारांसाठीच लिहिलेला होता. हा वाद चारचौघांच्या बोलण्यात आणायला जवळजवळ नव्वद वर्षांनी गॅलिलिओ यावा लागला. १६३२ मधला त्याचा संवादग्रंथ लॅटिनमध्ये नाही, इटालियनमध्ये आहे.

आपल्याकडे हे काम ज्यांनी केले त्यांत केरो लक्ष्मण छत्रे यांचे नाव आधी घ्यावे लागते. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ मध्ये. केरूनाना त्याच्या कितीतरी आधी, पंधरा-सोळाव्या वर्षी, कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला लागले होते. पदवी नाही, पण प्राध्यापक ऑर्लेबारांच्या हाताखाली ते गणित-ज्योतिषात तयार झाले. १८६० मध्ये त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ पाश्चात्त्य ग्रंथांच्या आधारे मराठीत सिद्ध केला. पटवर्धनी पंचांग त्यांच्याच गणिताने सुरू झाले. म्हणजे सूर्य मध्याशी मानून केलेले गणित मराठी घरात आले ते पाठ्यपुस्तकातून नव्हे, तर एकादशी आणि ग्रहण पाहायच्या पंचांगातून. टिळक पुण्यात शिकले ते याच केरूनानांकडे.

दुसरे घर नारळीकरांचे. विष्णु वासुदेव नारळीकर मूळचे कोल्हापूरचे. मुंबईत १९२८ साली बी.एस्सी. होऊन ते केंब्रिजला गेले आणि १९३२ मध्ये मालवीयांच्या बोलावण्यावरून बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. सापेक्षतेचा सिद्धांत देशात मोजक्या ठिकाणी शिकवला जात होता, तेव्हा त्यांनी बनारसला त्याचे संशोधन उभे केले. घरात मुलांसाठी फळा होता. एम.एस्सी. करायला आलेले मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, त्यावर भाच्यासाठी आव्हान म्हणून एक गणित लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत पुसायचे नाही, असा नियम होता. तो भाचा म्हणजे जयंत. १९५७ मध्ये तो बनारसची बी.एस्सी. घेऊन केंब्रिजला गेला. तिथे खगोलशास्त्रासाठीचे टायसन पदक वडिलांना मिळाले होते. १९६० मध्ये ते मुलालाही मिळाले.

ही कथा आपण एवढ्यावर थांबून अभिमानाने सांगतो. मला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. १९७२ मध्ये मुंबईला परतल्यावर जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची गोष्ट पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली. ख्यातीवर बक्षीस नको होते. गोष्ट मराठी वाचकाला पोचते का, हे पाहायचे होते. पहिले बक्षीस मिळाले. त्यांचे संशोधन इंग्रजीतच राहिले, आणि त्यात उणे काही नाही. पण शिकलेले पुन्हा घरच्या भाषेत मांडणे ही त्यांनी एक वेगळी परीक्षा मानली आणि ती ते जन्मभर देत राहिले. 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अकादमीचे रवींद्र भवन त्याच मंडी हाउसच्या चौकात, कोपर्निकस मार्गाच्या तोंडाशी उभे आहे.

विद्यापीठाने आम्हाला समीकरण सोडवायला शिकवले, आणि ते उत्तम शिकवले. मात्र पेपरात कधी असा प्रश्न आला नाही की, हे तुमच्या वडिलांना समजावून सांगा. तो आला असता तर त्या वर्षी मी नापास झालो असतो.

पुष्कळ वर्षांनी, अण्णा निवृत्त झाल्यावर, एका दुपारी आम्ही पत्ते खेळत होतो. मी म्हटले, "अण्णा, हे बावन्न पत्ते ठरलेल्या क्रमाने लागायची रीत एकच. विस्कटायच्या रीती किती? आठावर सदुसष्ट शून्ये. म्हणून कितीही पिसलेत तरी ते आपोआप क्रमाने लागत नाहीत. हवेचे कण, चहाची ऊब, सगळ्यांचं असंच. विस्कटायच्या वाटा जास्त, म्हणून चहा निवतो. त्या वाटा मोजायच्या, ती एन्ट्रॉपी."

अण्णांनी हातातले पत्ते खाली ठेवले. "एवढंच होतं, तर त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"त्या दिवशी मला कळलं नव्हतं," मी म्हटले.