परळचा पिंजरा, वाघोलीचा पिंजरा

पुणे-नगर रस्त्यावरच्या वाघोलीची जुनी ओळख वाघेश्वराच्या देवळाची आणि पिलाजी जाधवरावांच्या समाधीची. पुढे दगडखाणी आणि खडी क्रशर आले, त्यानंतर टोलेजंग सोसायट्या. 30 जून 2021 रोजी पुणे महापालिकेत जी 23 गावं घेतली गेली त्यांत वाघोलीही होती. गावाचं उपनगर होतं तेव्हा माणसाचं जनावराशी असलेलं नातंही बदलतं. गोठ्यातली गाय, दारची शेळी, परड्यातल्या कोंबड्या यांच्या दुखण्याखुपण्याची जाण गावात पिढ्यान् पिढ्या असते. फ्लॅटमध्ये गोठा मावत नाही, मग मुलांच्या हट्टापायी वीतभर लांबीचा गिनीपिग पिंजऱ्यासकट घरी येतो. त्याच्याबद्दलची जाण मात्र घरी येत नाही. एके दिवशी त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात दुधासारखा पांढरा थेंब दिसतो, खालच्या पापणीआड वाटाण्याएवढा फुगवटा दिसतो किंवा बुबुळाभोवती पांढरं कडं उमटतं. हे काय आहे, ते घरातल्या कुणालाच सांगता येत नाही. या अज्ञानाचं कारण प्राणी नवा असल्याचं सांगितलं जातं. ते खरं नाही. महाराष्ट्रात गिनीपिगला सव्वाशे वर्षं होऊन गेली. इतकी वर्षं आपण त्याचं शरीर, त्याचा डोळासुद्धा, माणसाचा रोग ओळखण्यासाठी पाहिला. त्याचा स्वतःचा रोग ओळखण्यासाठी तो पाहावा, हे आपल्या सवयीतच आलं नाही. सवय बदलायची असेल तर ती कशी पडली हे आधी पाहायला हवं.

गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांतला. तिथल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला, तो मुख्यतः मांसासाठी. सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून तो युरोपात पोहोचला आणि श्रीमंत घरांतल्या मुलांचा सवंगडी झाला. 1782-83 च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी त्याला बर्फाने वेढलेल्या उपकरणात ठेवलं आणि त्याच्या शरीराच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजलं. पुढे विज्ञानात त्याचा वापर वाढत गेला. 1882 मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सिद्ध केला तो प्रामुख्याने गिनीपिगच्या आधारे. घटसर्पावरच्या प्रतिविषाची ताकद ठरवण्यासाठी पाउल एर्लिखने माप म्हणून वापरला तोही ठरावीक वजनाचा गिनीपिगच. मुंबई इलाख्यात त्याची मोठी कामगिरी झाली ती या प्रयोगशाळेच्या वाटेने, प्लेगच्या पाठोपाठ.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. काही महिन्यांत पुणे होरपळलं. मार्च 1897 मध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले याच रोगाने गेल्या आणि त्याच वर्षी जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या काळात सरकारी पथकं घरं उघडून झडती घेत होती, सामान जाळत होती, माणसांना छावण्यांत हलवत होती. रोग नेमका कशाने पसरतो, हे मात्र निश्चित झालेलं नव्हतं. कराचीत 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँने पिसवेवर बोट ठेवलं होतं, पण बहुतेकांना ते पटलं नव्हतं. वाल्डेमार हाफकिनची प्लेग प्रयोगशाळा 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तिथे काम करणाऱ्या ग्लेन लिस्टनने प्लेगने मेलेल्या गिनीपिगांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा पाहिल्या आणि प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून पिसवा गोळा करायला सुरुवात केली. 1905 पासून प्लेग आयोगाने हेच काम पद्धतशीरपणे पुढे नेलं.

त्या प्रयोगांतला एक जवळून पाहण्यासारखा आहे. प्लेगने माणसं गेलेल्या, रिकाम्या केलेल्या खोलीत दोन पिंजरे ठेवायचे, दोन्हींत निरोगी गिनीपिग. एका पिंजऱ्याभोवती जमिनीवर सहा इंच रुंदीचा चिकट पदार्थाचा पट्टा, दुसऱ्याभोवती तेवढ्याच रुंदीची वाळू. पिसू सहा इंच उडी मारू शकत नाही, म्हणून ती पट्ट्यात अडकते, पण वाळू सहज ओलांडते. वाळूतल्या पिंजऱ्यातले काही प्राणी प्लेगने मेले, पट्ट्याआडचे वाचले. दुसऱ्या प्रयोगात एक पिंजरा जमिनीलगत आणि एक दोन फूट उंचीवर टांगला, तिथेही जमिनीलगतचेच मेले. परळच्या आवारात मुद्दाम बांधलेल्या छोट्या कोठ्यांमध्ये आजारी आणि निरोगी प्राणी एकत्र कोंडून ठेवले. जिथे पिसवा नव्हत्या तिथे अंगाला अंग लागूनही रोग पसरला नाही. माणसाच्या स्पर्शावर, जातीवर आणि वस्तीवर घेतले जाणारे संशय या पिंजऱ्यांनी खोटे ठरवले. गिनीपिगचं हे ऋण खरं आहे आणि ते कमी लेखून पुढे जाता येणार नाही.

पण या नोंदी कशा होत्या तेही पाहायला हवं. त्यांत प्राणी किती दिवस जगला, कुठल्या गाठी सुजल्या, अंगावर किती पिसवा सापडल्या हे असे. प्राण्याच्या दुखण्याची नोंद होते, पण ती माणसाच्या रोगाचा पुरावा म्हणून. डोळ्याच्या बाबतीत तर ही गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. डोळ्याचा पुढचा पडदा पारदर्शक असतो, त्यामुळे आत रोग कसा वाढतो ते प्राणी जिवंत असताना दिसतं. म्हणूनच 1877 च्या सुमारास युलियस कोनहाइमने सशाच्या डोळ्यात क्षयग्रस्त ऊती घालून रोगाची वाढ पाहिली. 1955 मध्ये हंगेरीच्या बेला सेरेनीने रक्ती आवेच्या जंतूंची चाचणी बसवली ती गिनीपिगच्या डोळ्यावर: डोळा लाल होऊन चिघळला तर जंतू घातक. आजही ती चाचणी त्याच्या नावाने ओळखली जाते. 1964 मध्ये एडवर्ड मरेने गिनीपिगांच्या पिल्लांत डोळे येण्याची एक साथ ओळखली. तिचा जंतू माणसाच्या खुपऱ्यांच्या जंतूच्या कुळातला निघाला आणि खुपऱ्यांवरच्या संशोधनाला एक नमुना मिळाला. खुपऱ्यांमुळे भारतात असंख्य लोकांची दृष्टी गेली. ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारत या रोगातून मुक्त झाल्याचं मान्य केलं. अमेरिकेत स्यूअल राइटने गिनीपिगच्या केसांचे आणि डोळ्यांचे रंग वंशपरंपरेने कसे येतात, याचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि त्यातून आनुवंशशास्त्राला मोठं देणं मिळालं. म्हणजे या प्राण्याच्या डोळ्याबद्दल माहिती कमी नाही, भरपूर आहे. ती घरापर्यंत पोचली नाही, एवढंच.

ती का पोचायला हवी, याचं उत्तर पुण्याच्याच इतिहासात आहे. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन बनू लागलं. लाखो माणसांचे प्राण वाचवणारं हे औषध गिनीपिगसाठी जीवघेणं आहे, हे 1943 मध्येच प्रसिद्ध झालं होतं. त्याच्या आतड्यातले उपयुक्त जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि काही दिवसांत प्राणी दगावतो. म्हणून डोळा चिकटला की घरातली उरलेली गोळी किंवा शेजाऱ्याने सुचवलेले थेंब घालणं अतिशय धोक्याचं. स्टेरॉइड असलेले थेंब तर बुबुळावर जखम असताना घातले तर डोळाच जाऊ शकतो. दुसरी गोष्ट आहाराची. 1907 मध्ये नॉर्वेच्या अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख यांनी दाखवलं की गिनीपिगला नुसत्या धान्यावर ठेवलं तर माणसासारखाच स्कर्व्ही होतो. माणसाप्रमाणे त्यालाही जीवनसत्त्व क शरीरात तयार करता येत नाही. सशाला ते येतं. म्हणून दुकानातून सशाचं खाद्य आणून गिनीपिगला घातलं की तो हळूहळू अशक्त होतो, सांधे दुखतात, डोळ्यांत घाण साचू लागते. ढोबळी मिरची, कोथिंबीर, अधूनमधून पेरूची फोड एवढ्यावर हे टळतं. माणसाच्या स्कर्व्हीचं कोडं ज्या प्राण्याने सोडवलं, त्याला आपल्या घरात स्कर्व्ही व्हावा यासारखी खेदाची गोष्ट नाही.

मग डोळ्यात जे दिसतं त्यातलं काय साधं आणि काय गंभीर? गिनीपिग दोन्ही पुढचे पंजे वर घेऊन तोंड पुसतो तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून दुधी द्रव झिरपतो. तो पंजांनी चेहऱ्यावर चोळला जातो आणि क्षणात डोळा पुन्हा काळाभोर दिसतो. हे निरोगी प्राण्याचं रोजचं तोंड धुणं आहे. खालच्या पापणीआडचा वाटाण्याएवढा पिवळसर-पांढरा फुगवटा बहुधा चरबीचा असतो. तो दुखत नाही आणि पापणी मिटत असेल तर त्याला औषधही लागत नाही. पांढऱ्या प्राण्याचे गुलाबी डोळे जन्माचे असतात. बुबुळाभोवतीचं पांढरं कडं मात्र कधी डोळ्याच्या आत हाडासारखा थर साचल्याचं लक्षण असतं. त्यात दृष्टी बरीचशी राहते, पण डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून डॉक्टरांना दाखवावं. मधोमध दुधी झालेला डोळा मोतीबिंदूचा असू शकतो. एकच डोळा अचानक निळसर-धूसर झाला, मिटून राहिला, पाणी गळू लागलं तर गवताची काडी टोचल्याची शंका आधी घ्यावी. कडब्याची कुट्टी, धुळकट भुसा आणि वाघोलीसारख्या खाणी-क्रशरच्या, वाहत्या रस्त्याच्या भागातली धूळ यांनी असं सहज होतं. आणि एक डोळा बाहेर आल्यासारखा दिसला तर दात तपासावे लागतात. गिनीपिगचे सर्व 20 दात आयुष्यभर वाढतात आणि वरच्या दाढांची मुळं डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोचतात. शिकारी प्राण्यांचं भक्ष्य असल्याने तो दुखणं लपवतो. खाणं थांबेपर्यंत वाट पाहिली तर बहुधा उशीर झालेला असतो.

यावर काही जण म्हणतील, ज्या वाघोलीच्या खाणींत पिढ्यांनी धूळ खाल्ली तिथे गिनीपिगच्या डोळ्याची काळजी ही चैन आहे. हा आक्षेप मनापासूनचा असतो, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. माणसाच्या डोळ्यांची काळजी ही सार्वजनिक जबाबदारी आहे आणि ती पूर्ण होत नसेल तर तिच्यासाठी झगडलं पाहिजे. पण तिची उणीव पिंजऱ्यातल्या प्राण्याच्या उपचारात काटकसर करून भरून निघत नाही. मुंबईचा इतिहासही हेच सांगतो. 1880 च्या दशकात त्याच परळात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय आणि 1886 मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तेव्हा मुंबई श्रीमंत होती म्हणून नव्हे, मुक्या प्राण्याचं दुखणं हेही दुखणंच आहे असं मानणारी माणसं तिथे होती म्हणून. दुसरा आक्षेप असा की प्रयोगशाळेने माणसं वाचवली, मग तिच्या इतिहासाला दोष कशाला? दोष द्यायचाच नाही. उलट एका बाबतीत प्रयोगशाळा घराच्या पुढे गेली आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे 1998 चे नियम प्रयोगशाळेतल्या प्रत्येक प्रयोगाला नीतिसमितीची परवानगी सक्तीची करतात आणि त्या समितीत पशुवैद्य असावाच लागतो. म्हणजे प्रयोगशाळेतल्या गिनीपिगकडे कायद्याने पशुवैद्याचं लक्ष असतं. घरातल्या गिनीपिगकडे कुणाचं असावं, हे कायद्याने ठरवलेलं नाही. 2018 च्या पाळीव प्राणी दुकानांच्या नियमांनी दुकानदाराला नोंदणी आणि नोंदी बंधनकारक केल्या, त्यामुळे सुरुवात झाली आहे. पुढचं पाऊल घराचं आहे.

तिसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा: इतकं सगळं सांभाळायचं तर हा प्राणी पाळूच नये. ज्यांना त्याचा रोजचा आहार, उन्हाळ्यातली सावली आणि पशुवैद्याचा खर्च झेपणार नाही त्यांच्यासाठी हे बरोबरच आहे, आणि मुलाच्या वाढदिवसाला अचानक आणलेल्या प्राण्यापेक्षा न आणलेला प्राणी सुखी. ज्यांना झेपतं त्यांनीही विकत घेताना दोन ठिपकेदार किंवा करड्या मिश्र केसांच्या गिनीपिगांचा संकर करणाऱ्यांकडून पिल्लू घेऊच नये. अशा संकरातलं सुमारे दर चौथं पिल्लू पांढरंशुभ्र, लहान डोळ्यांचं किंवा डोळ्यांविना जन्मतं आणि आयुष्यभर दातांच्या दुखण्यांनी त्रस्त राहतं. अशी पिल्लं गोंडस म्हणून विकली जातात, हे थांबवणं पूर्णपणे ग्राहकाच्या हातात आहे.

वाघोलीत, पुण्यात, महाराष्ट्रातल्या कुठल्याही उपनगरात ज्यांच्या घरी गिनीपिग आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. रोज सकाळी भाजी घालताना त्याचे दोन्ही डोळे उजेडात पाहा आणि ते एकसारखे आहेत का ते तपासा. लहान प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आजारपण येण्याआधीच शोधून ठेवा, आणि त्याच्या सल्ल्याशिवाय एकही थेंब डोळ्यात घालू नका. परळच्या पिंजऱ्यांत या प्राण्याने आपल्याला प्लेगचा खरा वाहक दाखवला. त्याचा स्वतःचा आजार वेळेत ओळखणं हे आपल्याकडून व्हायलाच हवं.